त्या ॲपवरची सही

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. “हे अपडेट होत नाहीये गं, बघ जरा.” रेडिओचं ॲप होतं. स्टोअरमध्ये अपडेटचं बटण दिसत होतं. दाबलं की बराच वेळ गोल फिरायचं आणि शेवटी इंस्टॉल करता येत नाही असा निरोप यायचा. ॲप उघडलं तर पहिल्याच पडद्यावर, नावाच्या खाली, बारीक अक्षरांत ‘मॉड’ लिहिलेलं. म्हणजे हे स्टोअरमधून आलेलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की माझ्या भाच्यानं कुठल्याशा साइटवरून बदललेली प्रत उतरवून त्यांच्या फोनवर टाकून दिली होती, आणि त्यामागे कारण होतं. काकांचे हात थरथरतात. मूळ ॲपमध्ये स्टेशन बदललं की पडदाभर जाहिरात येते आणि ती बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, जेमतेम दिसेल एवढी. थरथरतं बोट त्या फुलीवर कधी बसायचंच नाही. ते जाहिरातीवर पडायचं, ब्राउझर उघडायचा, तिथून आणखी कसलं तरी पान उघडायचं, आणि परत रेडिओपाशी येईपर्यंत बातम्या संपलेल्या असायच्या. पैसे भरून जाहिराती काढून टाकायची सोयच त्या ॲपमध्ये नव्हती. बदललेल्या प्रतीत जाहिराती नव्हत्या. काका कुणालाही हाक न मारता, आपले आपण रेडिओ ऐकत होते.

मी बोलायला सुरुवात केली. “काका, असं बाहेरून घेतलेलं ॲप बरं नसतं. कुणी बदललंय, आत काय घातलंय, काही पत्ता नसतो.” त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते असू दे. पण ज्यानं हे केलं, त्याला आभार कळवायचे असतील तर कुठे कळवायचे?”

धोक्याबद्दल बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर ती फाइल मी कॉम्प्युटरवर उघडली. एपीके, म्हणजे अँड्रॉइडच्या ॲपची फाइल, ही शेवटी एक झिप फाइल. नावाचं शेपूट बदललं की इतर कुठल्याही झिपसारखी उघडते. आत चित्रांचे फोल्डर, ॲपला फोनकडून काय काय हवंय त्याची यादी असलेली मॅनिफेस्ट नावाची फाइल, आणि ‘क्लासेस डॉट डेक्स’, ज्यात खरा कोड असतो. परवानग्यांची यादी आधी पाहिली, मूळ प्रतीच्या यादीशेजारी लावून. एसएमएस नाही, संपर्क नाही, मायक्रोफोन नाही. दोन्ही याद्या ओळीला ओळ सारख्या. मग एपीके-टूल नावाच्या साधनानं कोड वाचता येईल अशा रूपात उलगडला. असा कोड वाचणं हे डोळे फोडण्याचं काम आहे. मूळ बनवणाऱ्यानं प्रत बाहेर काढताना आतली सगळी नावं पुसून टाकलेली असतात. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा एकाक्षरी नावांच्या शेकडो फायली, आणि प्रत्येकीत पुन्हा ‘ए’, ‘बी’, ‘सी’ नावाची फंक्शनं. त्या गर्दीत कुठे तरी एक फंक्शन असतं, ज्याचं काम एवढंच की जाहिरात दाखवायची वेळ झाली का हे ठरवायचं आणि ० किंवा १ असं उत्तर द्यायचं. बदल करणाऱ्यानं ते शोधून काढलं होतं. आतला सगळा हिशेब, किती मिनिटं झाली, किती स्टेशनं बदलली, तसाच ठेवला होता. फक्त त्याच्या डोक्यावर दोन ओळी बसवल्या होत्या. उत्तर ०, आणि इथूनच परत फिर. खालच्या हिशेबापर्यंत गाडी कधी पोचतच नाही. बाकी काही छेडलेलं मला दिसलं नाही. इतक्या गर्दीतून नेमकी ती जागा हुडकायची आणि दोन ओळींत काम संपवायचं, यात हात बसलेला माणूस दिसतो. मला त्याच्याबद्दल आदर वाटला. हा आदर वाटून घ्यावा की नाही, हे मात्र ठरेना.

अपडेट का अडलं होतं, त्याचं उत्तर त्याच झिपमध्ये होतं. अँड्रॉइडवर सही नसलेलं ॲप बसतच नाही. ॲप बनवणाऱ्याकडे एक खासगी किल्ली असते, तिनं तो प्रत्येक प्रतीवर सही करतो, आणि नंतर फाइलमध्ये कुणी एक अक्षर जरी हलवलं तरी ती सही मोडते. त्यामुळे बदल करणाऱ्याला जुनी सही टाकून स्वतःच्या किल्लीनं नवी करावी लागते. यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी की फोन किल्लीच्या मालकाचं नावगाव विचारत नाही. सहीसोबत जाणारं प्रमाणपत्र स्वतःचं स्वतः केलेलंही चालतं. फोन एवढंच बघतो, की आज आलेली प्रत काल ज्यानं दिली होती त्याच्याच हातची आहे का. पत्राखाली नाव नसलं तरी अक्षरावरून माणूस ओळखावा, तसं. अक्षर बदललं की तो अपडेट नाकारतो. मग जुनं ॲप काढून टाकल्याशिवाय नवं बसत नाही, आणि जुनं काढलं की त्यात साठवलेलं सगळं जातं. काकांनी आपल्या क्रमानं लावलेली स्टेशनं त्यात होती.

आभार मानायला पत्ता मिळाला असता तर तो सहीतच मिळाला असता. प्रमाणपत्रात नावासाठी रकाना असतो, संस्थेसाठी असतो, गावासाठी असतो. ते वाचायचं साधन अँड्रॉइडच्या विकासकांना मिळणाऱ्या हत्यारांच्या पेटीतच आहे. मी ते चालवलं. नाव: अँड्रॉइड. संस्था: अँड्रॉइड. गाव: माउंटन व्ह्यू. राज्य: कॅलिफोर्निया. ज्यांनी हे काम केलंय त्यांना एवढ्यावरून कळेल. ही नमुन्याची किल्ली. अँड्रॉइडचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे, आणि त्यात चाचणीसाठी म्हणून एक किल्ली ठेवलेली आहे, तिच्या खासगी भागासकट. खऱ्या प्रतीवर ती वापरू नका असं बजावलेलं असतं. पण मॉड बनवायची कितीतरी साधनं आपणहून हीच किल्ली लावतात, कारण ती हाताशी असते आणि स्वतःची किल्ली बनवायचे कष्ट वाचतात. म्हणजे त्या माणसानं एवढं कसबी काम केलं आणि खाली सही केली ती अशी, जी जगात कुणीही करू शकतो.

याचा एक अर्थ हळवा आहे: आभार पोचवायला माणूसच नाही. दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. उद्या दुसऱ्या कुणी, भलत्याच हेतूनं, याच नावाची प्रत बनवून त्याच खुल्या किल्लीनं सही केली, तर काकांचा फोन ती अपडेट म्हणून मुकाट बसवून घेईल. अक्षर तेच दिसेल. ज्या एका गोष्टीवर फोनचा सगळा भरवसा उभा आहे, तीच इथे काढून घेतलेली होती. कोड स्वच्छ होता, आणि तरीही दार उघडं होतं.

मला आठवतं, बाहेरून आलेल्या ॲपला एके काळी चेहरा असायचा. स्टोअर नावाची गोष्टच नव्हती तेव्हा. आयफोनचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये आलं, अँड्रॉइडचं मार्केट त्याच वर्षी काही महिन्यांनी. त्याआधी जावाच्या ‘जार’ फायली आणि सिंबियन या तेव्हाच्या फोन प्रणालीच्या ‘सिस’ फायली एका फोनवरून दुसऱ्यावर ब्लूटूथनं जायच्या. दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, निळा दिवा लुकलुकायचा, पट्टी सरकत सरकत शंभरापर्यंत जायची आणि मधेच कुणाचा फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून. गेम असायचा, शब्दकोश असायचा, मराठी अक्षरं उमटावीत म्हणून कुणीतरी खटपट करून बनवलेला फाँट असायचा. बनवणारा कोण हे तेव्हाही ठाऊक नसायचं, पण देणारी समोर बसलेली असायची. फोन अडकला तर तिलाच विचारता यायचं. सिंबियनच्या ९ व्या आवृत्तीपासून सहीची सक्ती आली, तेव्हा आपल्या फोनच्या आयएमईआय क्रमांकापुरतं प्रमाणपत्र मिळवून लोक स्वतः फायलींवर सह्या करायला शिकले. ते किचकट होतं, वैताग आणणारं होतं. पण आपल्या फोनवर काय चढतंय आणि कुणाच्या भरवशावर, हे ते करताना आपोआप समजत जायचं.

बदललेल्या ॲपकडे केवळ फुकटेपणा म्हणून पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही. मागे वळून पाहिलं तर पुढे सगळ्यांना मिळालेल्या कितीतरी सोयी आधी या आडवाटेनं आलेल्या आहेत. पहिल्या आयफोनवर मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता. ती सोय अधिकृतपणे २००९ मध्ये आली. व्हिडिओ चित्रणाचंही तसंच. पण ज्यांनी कंपनीनं फोनला घातलेलं कुलूप तोडून जे फ्रीमन यांच्या सिडिया या अनधिकृत स्टोअरमधून बाहेरची ॲपं बसवली, त्यांनी या गोष्टी आधीच वापरून पाहिल्या होत्या. जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपल्याच फोनचं कुलूप अशा कामासाठी उघडणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग नाही, अशी सूट दिली. विकत घेतलेली वस्तू उघडून बघायचा, आपल्या सोयीनं वळवायचा हक्क असतो, हे त्या निमित्तानं एका सरकारी दफ्तरात लिहिलं गेलं. मला तो हक्क मोलाचा वाटतो. कंपनीच्या सरासरी गिऱ्हाइकात न बसणारी माणसं असतात. कुणाचा हात थरथरतो, कुणाला करडी अक्षरं दिसत नाहीत, कुणाचा फोन इतका जुना आहे की नवी आवृत्ती त्यावर चालतच नाही. अधिकृत आवृत्ती त्यांच्यासाठी थांबत नाही. त्यांच्यासाठी थांबतं ते असं कुणीतरी, ज्याला दोन ओळी बदलता येतात.

आणि याच गरजेवर शिकारी टपलेले असतात, हेही तितकंच खरं. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आधी मोजक्याच देशांत निघाला. बाकीच्या जगाला धीर निघेना, लोक बाहेरून प्रती शोधू लागले, आणि गेम निघाल्यापासून तीन दिवसांच्या आत ड्रॉइडजॅक नावाचं हेरगिरीचं साधन पोटात घेतलेली एक प्रत घातक फायली जमा होणाऱ्या एका संग्रहात चढवली गेली होती. प्रूफपॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती शोधली. सुरुवातीचा पडदा अगदी खऱ्या गेमसारखा दिसायचा. खेळणाऱ्याला संशय येण्यासारखं काही नव्हतं. व्हॉट्सॲपच्या बदललेल्या प्रतींची कथा मला याहून जास्त लागते, कारण त्या घराघरात असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला एफएमव्हॉट्सॲपच्या १६.८०.० या आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हणजे लपून आत शिरणारा घातक प्रोग्राम, सापडला. तो आला होता जाहिराती दाखवायच्या एका तयार संचाबरोबर. म्हणजे मॉड बनवणाऱ्यानं चार पैसे सुटावेत म्हणून संच जोडला असेल आणि आत काय आहे हे त्यालाही ठाऊक नसेल, अशी शक्यता उरतेच. पुढच्या वर्षी योव्हॉट्सॲपची एक आवृत्ती वापरणाऱ्यांच्या खात्याच्या किल्ल्याच बाहेर पाठवत असल्याचं उघड झालं. त्या हाती असल्या की तुमचं खातं दुसरा चालवू शकतो. डिलीट केलेले निरोप वाचता यावेत, आपण निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा लपवता याव्यात, म्हणून लोक या प्रती घेतात. खासगीपणा थोडा वाढावा म्हणून घेतलेलं ॲप सगळाच खासगीपणा घेऊन जातं, आणि आपल्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

स्टोअर म्हणजे मात्र गंगाजल, असंही नाही. २०१५ मध्ये ॲपं बनवायचं ॲपलचं एक्सकोड हे साधन बाहेरच्या सर्व्हरवरून उतरवून वापरणाऱ्या विकासकांची ॲपं त्यांच्या नकळत बाधित झाली आणि अधिकृत स्टोअरमध्ये सरळ चढली. २०१९ मध्ये कॅमस्कॅनर हे १० कोटींहून जास्त वेळा उतरवलेलं ॲप, त्यातल्या जाहिरातींच्या संचात घातक कोड सापडल्यावर प्ले स्टोअरवरून काही काळ काढावं लागलं. फरक एवढाच की तिथे तक्रार करायला जागा असते, आणि चूक कळली की ॲप मागे घेणारं कुणीतरी असतं.

माझी एक मैत्रीण एकटीनं एक छोटं ॲप चालवते. जाहिरातींवरच चालतं ते. त्याची जाहिराती काढलेली प्रत फिरते आहे हे तिला कसं कळलं, तर त्या प्रतीत काही बिघडलं की लोक तिलाच पत्र लिहितात, रागावून. तिनं न केलेल्या बदलांमुळे आलेला बिघाड ती रात्री बसून शोधते आणि मग लक्षात येतं की ही प्रत आपली नाहीच. तिच्याशी बोलताना मला काकांची बाजू मांडता आली नाही. काकांशी बोलताना तिची मांडता आली नाही. दोघांचंही बरोबर होतं, आणि मधे जो माणूस होता, ज्याच्यामुळे एकाला सुख आणि दुसरीला ताप झाला असता, तो मात्र कुणाशीच बोलायला तिथे नव्हता. हे मला जास्त डाचतं. बदलाचं मला एवढं काही वाटत नाही. बदल करून नाहीसं होणं खटकतं.

कारण नाहीसं न होताही हे करता येतं. यूट्यूब व्हॅन्स्ड हे बदललेलं ॲप मार्च २०२२ मध्ये कायदेशीर कारणांनी बंद झालं. त्यानंतर आलेल्या रीव्हॅन्स्डनं वेगळी पद्धत धरली. ते बदललेलं ॲप देतच नाहीत, फक्त बदल देतात. मूळ ॲपची प्रत आपण आणायची, बदल आपल्याच फोनवर लागतात, सहीही आपल्याच फोनवर होते. कुठला बदल काय करतो, तो कुणी लिहिला, कधी दुरुस्त केला, हे सगळं उघड्यावर आहे. वाचता येणाऱ्याला वाचता येतं, चूक दिसली तर सांगता येतं. मूळ कंपनीच्या अटी यात मोडतातच, आणि जाहिरातींवर जगणाऱ्यांचा प्रश्न यानं सुटत नाही. पण निदान कुणाच्या हातचं काय आपण खातोय हे इथे झाकलेलं नाही.

काकांच्या फोनवरून ते ॲप मी काढलं. नमुन्याची सही पाहिल्यावर ठेवणं शक्य नव्हतं. आधी त्यांची स्टेशनं एका कागदावर उतरवून घेतली, त्यांच्याच क्रमानं. एफ-ड्रॉइडवर रेडिओची मुक्त ॲपं आहेत. एफ-ड्रॉइड हेही प्ले स्टोअरच्या बाहेरचंच, २०१० पासून चाललेलं, पण तिथलं प्रत्येक ॲप खुल्या कोडमधून बनतं आणि परवानग्यांची यादी समोर मांडलेली असते. त्यातलं एक बसवलं. बसवताना फोननं नेहमीचा इशारा दिला, अनोळखी ठिकाणाहून येतंय म्हणून. २०१७ मधल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी सरसकट देता येत नाही, ज्या ॲपमधून बसवायचं त्या एकेकाला वेगळी द्यावी लागते. ही सुधारणा मला मनापासून पटलेली आहे. अँड्रॉइड १३ नं त्यापुढे जाऊन असं केलं की बाहेरून घेतलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजी मिळत नाही, कारण पडदा वाचायची आणि माणसाच्या वतीनं बटणं दाबायची ती ताकद चोरांनी फार वापरली. ज्यांचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी बनवलेली सोय. तिलाच सगळ्यात जास्त कुलपं लावावी लागली, याचं वाईट वाटतं.

काका खूश नव्हते. नव्या ॲपमध्ये जाहिराती नव्हत्या, पण बटणं बारीक होती आणि एकमेकींना चिकटून होती. त्यांचं रोजचं पहिलं स्टेशन यादीत सापडायला वेळ लागला. “आधीचं चांगलं होतं,” ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

भाच्याला मी रागावले नाही. त्यानं प्रेमापोटी केलं होतं, आणि करताना त्याला माहीत असलेली एकच वाट धरली होती: शोधायचं, मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण दाबायचं, त्यामागचं खोटं बटण टाळून खरं ओळखायचं, इशारा आला की ‘तरीही बसवा’ म्हणायचं. त्याच्या वयाची पोरं यात तरबेज असतात. मी त्याला सहीचा तो रकाना दाखवला. नाव: अँड्रॉइड, गाव: माउंटन व्ह्यू. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे यानं नाव लिहिलंच नाही?” मग दुसरं दाखवलं: नव्या रेडिओच्या ॲपचा कोड खुला आहे, परवाना असा आहे की कुणीही बदलावा, बदलाचाही कोड खुला ठेवावा म्हणजे झालं. “मग आजोबांची बटणं आपण मोठी करू या की,” तो म्हणाला.

ते बोलण्याइतकं सोपं नव्हतं. कोड उतरवला, पण त्यातून ॲप बांधलं जाईना. कुठल्याशा लायब्ररीची आवृत्ती जुळेना. लाल अक्षरांत पानभर चुका आल्या की तो खुर्चीवरून उठून जायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. शेवटी एकदाचं बांधलं गेलं. बटणं मोठी केली तर स्टेशनांची नावं अर्ध्यात कापली जाऊ लागली. त्यानं नावं दोन ओळींत घेतली, मग यादीत एका वेळी चारच स्टेशनं दिसायला लागली. काकांना चार पुरतात, असं ठरलं. ॲपची ओळख सांगणारं आतलं नाव त्यानं बदललं, म्हणजे मूळ ॲपवर ते चढणार नाही, शेजारी बसेल.

हे चाललेलं असताना माझ्या डोक्यात सारखी गूगलची घोषणा होती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की गूगलची मान्यता असलेल्या अँड्रॉइड फोनांवर, स्टोअरबाहेरूनसुद्धा, ज्याची ओळख पटवलेली आहे अशाच विकासकाचं ॲप बसेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून पुढे जगभर. कारण त्यांनी दिलं ते असं की इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या ॲपांत त्यांना प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून जास्त घातक ॲपं सापडली. ते कारण खोटं ठरवायचा माझा विचार नाही. फसवल्या गेलेल्या माणसांचं नुकसान खरं असतं. एफ-ड्रॉइडनं कडाडून विरोध केला, कारण त्यांच्याकडे ॲपं देणारे सगळेच आपली कागदपत्रं एका कंपनीच्या स्वाधीन करायला तयार होणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलनं थोडं नमतं घेतलं: जाणत्या माणसाला धोका समजून घेऊन पुढे जाता येईल अशी वाट ठेवू, विद्यार्थ्यांना आणि हौशी लोकांना मोजक्या फोनांपुरतं वेगळं खातं देऊ. केबल लावून कॉम्प्युटरवरून ॲप टाकायची सोय तर राहणारच आहे.

माझं मत यात स्पष्ट आहे. ओळख हवी, पण ती किल्लीची. हीच व्यक्ती कालही होती आणि आजही आहे, एवढं फोनला कळलं पाहिजे, आणि ते त्याला पहिल्यापासून कळतं. नमुन्याच्या किल्लीनं सही केलेलं ॲप फोननं बेलाशक नाकारावं. मी टाळ्या वाजवीन. नवी, कधी न पाहिलेली किल्ली असेल तर तसं मोठ्या अक्षरांत सांगावं. पण आजोबांची बटणं मोठी करणाऱ्या पोरानं आपलं ओळखपत्र एका कंपनीकडे जमा केल्याशिवाय त्याचं काम शेजारच्या फोनवर जाऊ नये, हे मला मान्य नाही. जिथे राज्यकर्त्यांना न आवडणारं ॲप बनवणं धोक्याचं आहे, तिथल्या बनवणाऱ्यांचा विचार केला तर अजिबातच नाही. आपलं नाव सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, हे ज्यानं काम केलं त्यानं ठरवावं.

भाच्याला किल्ली बनवायची होती. साधन एकेक प्रश्न विचारत जातं. तुमचं नाव आणि आडनाव काय? तिथे तो थांबला. “खरं लिहू का गं, आत्या?” मी म्हणाले, तुझ्या मनावर आहे, कुणी तपासणार नाही, पण एकदा लिहिलंस की प्रत्येक प्रतीवर ते जाईल, आणि या किल्लीची सही वर्षानुवर्षं चालणार आहे. मुदत आम्ही १०,००० दिवस टाकली होती, म्हणजे साधारण २७ वर्षं. तेव्हा आपण किती वर्षांचे असू याचा हिशेब त्यानं लगेच बोटांवर केला. आधी त्यानं गेममधलं टोपणनाव टाइप केलं. मग ते खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं. “कुणाला काही बिघडलं तर मला सांगतील ना,” तो म्हणाला. संस्थेचा रकाना रिकामा ठेवला, गावाचं नाव घातलं. साधनानं सगळं परत दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का? तिथे काही न लिहिता एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ असं धरलं जातं आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्याचं एकदा तसं झालं. दुसऱ्या खेपेला त्यानं नीट ‘हो’ लिहिलं, ॲपवर सही केली, आणि किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली, कारण ती हरवली तर पुढचं अपडेट त्यालाही देता येणार नाही.